कॉरोनरचं पत्र आलं तर

माझे वडील मिरजेत हेडकॉन्स्टेबल होते. अकस्मात मृत्यूची खबर आली की पंचनामा लिहायला बहुतेक वेळा त्यांनाच नेत, कारण अक्षर मोत्यासारखं. “मयत इसम उताणे स्थितीत, डोके पूर्वेस, पाय पश्चिमेस” अशी सुरुवात असायची. एखाद्या नव्या शिपायाने “विषारी औषध घेतले असावे असे वाटते” असं लिहिलं की कागद परत. “वाटतं ते घरी बायकोला सांग. इथं दिसतं ते लिही.”

मी गेली सतरा वर्षं लीड्सला बॅरिस्टर आहे. वेकफिल्ड, ब्रॅडफर्ड, शेफील्ड इथल्या कॉरोनर कोर्टांत इन्क्वेस्ट चालवते, म्हणजे मृत्यूची चौकशी. शिवाय वैद्यकीय निष्काळजीपणाचे दावे, आणि ज्यांची स्वतःचे निर्णय घ्यायची क्षमता गेली आहे (किंवा गेल्याचं कोणीतरी म्हणतंय) अशांचे खटले. कायदा पुण्यात आणि इथे शिकले. साक्षीपुरावा म्हणजे काय, हे मात्र मिरजेत वडिलांच्या टेबलावरच कळलं होतं.

हे लिहायला निमित्त झालं मंडळाच्या गणपतीचं. आरती संपून मंडळी प्रसादाच्या रांगेत लागली की दरवर्षी कोणी ना कोणी मला बाजूला घेतं आणि दबक्या आवाजात विचारतं, “ताई, आमच्याकडे कॉरोनरचं पत्र आलंय. पोलीस केस झाली का हो?”

नाही झाली. कॉरोनर हा इंग्लंडमधला स्वतंत्र न्यायिक अधिकारी. हे पद ११९४ सालापासून चालत आलंय. मुंबईतही १९९९ पर्यंत कॉरोनर होता. नंतर तिथेही बाकी महाराष्ट्रासारखा पोलिसांचा इन्क्वेस्ट पंचनामा सुरू झाला. इथे आजही कॉरोनरच बघतो. मृत्यू अनैसर्गिक वाटला, कारण कळलं नाही, किंवा माणूस कोठडीत अथवा सरकारी बंदिवासात असताना गेला, तर त्याने तपास करायलाच हवा, असं २००९ चा कॉरोनर्स अँड जस्टिस कायदा सांगतो. शस्त्रक्रियेनंतर अचानक गेलेला माणूस, घरात पडून डोक्याला मार लागलेली आजी, ही सगळी प्रकरणं त्यात येतात. पत्र आलं म्हणजे तुमच्यावर संशय नाही. डॉक्टरवरही नाही, निदान अजून तरी नाही. हे सगळं फक्त इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडमध्ये कॉरोनरच नाही, तिथे हे काम प्रोक्युरेटर फिस्कल, म्हणजे सरकारी वकील, बघतो. एडिनबरोच्या मंडळींनी इथेच थांबलं तरी चालेल.

पहिले तीन दिवस

या दिवसांत तुमचा सगळा संबंध एकाच माणसाशी येतो: कॉरोनरचा ऑफिसर. हा बहुधा पोलिसांत काम केलेला, मितभाषी गृहस्थ किंवा बाई असते. त्यांचं नाव, थेट नंबर आणि प्रकरणाचा क्रमांक एका वहीत लिहून ठेवा. घरातल्या एकानेच बोलायचं, हे त्याच दिवशी ठरवा. एका घरातून मुलगा, जावई आणि नाशिकची मावशी असे तिघे वेगवेगळे फोन करत होते. तिसऱ्या दिवशी ऑफिसरने फोन उचलणं बंद केलं. मी त्याच्या जागी असते तर दुसऱ्याच दिवशी केलं असतं.

पहिल्याच फोनवर तीन गोष्टी सांगायच्या. एक, आम्ही हिंदू आहोत (किंवा जे असाल ते) आणि अंत्यसंस्कार लवकर करायची आमची रीत आहे. दोन, शवविच्छेदन लागणारच असेल तर आधी सीटी स्कॅन करून कारण सापडतंय का ते पाहता येईल का? शवविच्छेदनाला घरच्यांची संमती लागत नाही, निर्णय कॉरोनरचा असतो. पण बऱ्याच ठिकाणी स्कॅनची सोय आहे. काही ठिकाणी त्याचे पैसे घरच्यांना भरावे लागतात. विचारलं नाही तर कोणी आपणहून सांगेलच असं नाही. तीन, पार्थिव भारतात न्यायचं आहे का? न्यायचं असेल तर इंग्लंडबाहेर नेत असल्याची नोटीस कॉरोनरला द्यावी लागते आणि त्याची परवानगी येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नये.

दहावा-तेरावा यांचा हिशेब मृत्यूच्या दिवसापासून धरायचा की दहनाच्या, यावर प्रत्येक घरात वाद होतो. तो तुमच्या गुरुजींशी घाला, ऑफिसरशी नको. ऑफिसरला फक्त तारीख हवी असते. २८ दिवसांत पार्थिव ताब्यात देता आलं नाही तर त्याचं कारण कॉरोनरने तुम्हाला कळवायलाच हवं, असा नियम आहे. बहुतेक वेळा त्याच्या बरंच आधी मिळतं.

मृत्यूची नोंद मात्र इन्क्वेस्ट संपेपर्यंत होत नाही. तोवर कॉरोनर अंतरिम प्रमाणपत्र देतो. इथल्या बँका आणि पेन्शनवाले त्यावर काम करतात.

आठवतंय तोवर लिहा

इन्क्वेस्ट सहा महिन्यांत संपवावी असं नियमांत आहे. माझ्या टेबलावरच्या बऱ्याच फायली वर्ष ओलांडून गेल्यात. तोपर्यंत रात्री नर्स किती वाजता आली, डॉक्टर नेमकं काय म्हणाले, हे कोणाला आठवणार? म्हणून दहनानंतरच्या आठवड्यात एक बैठक मारा आणि जे पाहिलंत, ऐकलंत ते तारीख-वेळेसकट लिहून काढा. मराठीत लिहा. भाषांतर नंतर करता येतं.

व्हॉट्सॲप हा इथे सोन्यासारखा पुरावा आहे. “आईंना हुडहुडी भरलीय, नर्सला सांगितलं” असा रात्री २.१४ चा मेसेज दोन वर्षांनंतरच्या शपथेवरच्या आठवणीपेक्षा भारी ठरतो. पण ज्या फोनवरून पानं काढता तो फोन कुठे होता ते बघा. मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या, सांगलीच्या एका बाईंचं प्रकरण माझ्याकडे होतं. (माणसं ओळखू येणार नाहीत इतके तपशील बदललेत.) चॅटची छापील प्रत आली ती सांगलीतल्या धाकट्या मुलाच्या फोनवरून. मे महिना, म्हणजे सांगलीचं घड्याळ इथल्यापेक्षा साडेचार तास पुढे. मी मांडलेल्या घटनाक्रमात सुनेची रात्री पावणेदहाची तक्रार पहाटे सव्वादोनला जाऊन बसली. रुग्णालयाच्या वकिलाने ते भर कोर्टात, अगदी सौजन्याने, दाखवून दिलं. चूक माझी, कागद मीच तपासले होते. तेव्हापासून प्रत्येक चॅटच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने लिहिते: कोणाचा फोन, कोणतं शहर, कोणता ऋतू. हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा होतो, म्हणून ऋतूही.

आता शब्दांबद्दल, कारण मराठी घरांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

त्याच बाई रात्रभर म्हणत होत्या, “जीव घाबरा होतोय.” मुलाने नर्सला सांगितलं की आई घाबरलीय. नर्सने लिहिलं: रुग्ण चिंताग्रस्त, धीर दिला. सकाळी डॉक्टरने ते वाचलं आणि चिंताग्रस्त बाईला द्यायचं ते औषध दिलं. जीव घाबरा होणं म्हणजे भीती नव्हे, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. श्वास पुरत नाही, छातीत धडधडतंय, काहीतरी बिनसलंय. मुलगा खोटं बोलला नव्हता आणि नर्सनेही ऐकलं तेच लिहिलं होतं. अर्थ मधल्यामध्ये हरवला.

तेव्हा निवेदनात मूळ मराठी शब्द तसाच ठेवा, देवनागरीत, अवतरणात, आणि पुढे त्याने शरीराचं काय होतं ते लिहा. ‘कणकण’ म्हणजे ताप नाही पण अंग मोडून आलंय. ‘पोट गच्च झालंय’ म्हणजे फुगलंय, हात लावला की टणक लागतं. ‘ग्लानी आलीय’ म्हणजे झोप लागली असं नव्हे. आणि आई काय म्हणाली, तुम्ही नर्सला काय सांगितलंत, नर्स काय म्हणाली, ही तीन वाक्यं वेगवेगळी लिहा. एकत्र केलीत की वडिलांच्या भाषेत सांगायचं तर ‘वाटतं’ सुरू झालं.

रुग्णालयाचे कागदही मागवा. तुम्ही जवळचे नातेवाईक असाल, म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, तर तुम्ही कायद्याने ‘हितसंबंधित व्यक्ती’ आहात. मग चौकशीतली कागदपत्रं मागायचा आणि साक्षीदारांना प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे. उपचारांत गंभीर चूक झाली असेल तर ती घरच्यांना उघडपणे सांगायचं बंधन इंग्लंडमधल्या रुग्णालयांवर २०१४ पासून आहे. त्यांची अंतर्गत चौकशी झाली असेल तर तो अहवाल नाव घेऊन मागा.

फाइलमधला तो एक कागद

फाइल उघडल्यावर घरं हादरतात ती बहुतेक एका कागदाने: हृदय बंद पडलं तर ते पुन्हा चालू करायचा प्रयत्न करू नये, अशी नोंद. “आम्हाला न विचारता?” हा प्रश्न मी मराठीत, गुजरातीत, पंजाबीत आणि यॉर्कशर बोलीत ऐकलाय.

याचं उत्तर थोडं कडू आहे. इथे मुलगा म्हणून, नवरा म्हणून तुम्हाला निर्णयाचा अधिकार आपोआप मिळत नाही. आपल्याकडे डॉक्टर पेशंटला सोडून थोरल्या मुलाला बाहेर बोलावतात, तसं इथे चालत नाही. रुग्णाला समजतंय तोवर विचारायचं रुग्णालाच. समजत नसेल तर २००५ चा मेंटल कपॅसिटी कायदा लागू होतो आणि निर्णय रुग्णाच्या हिताचा घ्यायचा असतो. त्यासाठी घरच्यांशी बोलावं लागतं, पण शेवटचा शब्द घरच्यांचा नसतो. हृदय चालू करायचा प्रयत्न करायचा की नाही, हा अखेर वैद्यकीय निर्णय. मात्र तो रुग्णाशी बोलूनच घ्यावा, असं २०१४ मध्ये अपील कोर्टाने ट्रेसी खटल्यात सांगितलं. रुग्णाला क्षमता नसेल आणि घरच्यांना फोन करणं शक्य असेल, तर रात्र असली तरी करावा, हे पुढच्या वर्षी विन्सपिअर खटल्यात उच्च न्यायालयाने सांगितलं. म्हणजे इन्क्वेस्टमध्ये “आमची परवानगी का घेतली नाही” हा प्रश्न फुकट जातो. “फोन किती वाजता केला, कोणाच्या नंबरवर, आणि केला नसेल तर का” हा लागू पडतो.

क्षमता ठरवताना भाषेचं काय होतं त्याचा एक किस्सा सांगते. ब्याऐंशी वर्षांच्या एका आजींना स्मृतिभ्रंश झाला होता. चाळीस वर्षं इथे काढली, दुकान चालवलं, पण आजारात इंग्रजी आधी गेलं आणि मराठी मागे उरलं. असं पुष्कळांचं होतं. त्यांना वृद्धांच्या होममध्ये ठेवायचं की नाही, यासाठी समाजसेवा खात्याने क्षमतेच्या तपासणीला हिंदी दुभाषी पाठवला. आजी त्याच्याशी बोलल्याच नाहीत, अहवालात आलं, “माहिती समजत नाही, संवाद साधत नाही.” कायदा सांगतो की माणसाला निर्णय घ्यायला मदत करायचे सगळे व्यवहार्य उपाय केल्याशिवाय त्याला अक्षम ठरवू नये. आम्ही मराठी दुभाषी मागितला. आजींनी त्याला आधी विचारलं, “जेवलास का?” मग सांगितलं, “मला त्या होममध्ये नाही जायचं, तिथं भाताला मीठ नसतं. पण रात्री मी पडते हे मला कळतं, रात्रीपुरती बाई ठेवा.” समजून घेणं, लक्षात ठेवणं, तोलणं, सांगणं, कायद्यातल्या चारही पायऱ्या त्या एका वाक्यात चढून गेल्या. क्षमता त्या-त्या निर्णयापुरती आणि त्या-त्या वेळेपुरती पाहायची असते. त्याच आजींना दुकानाच्या भाडेपट्ट्याचा हिशेब खरंच कळत नव्हता, आणि तेही आम्ही मान्य केलं.

तुमचे आई-वडील इथे कायमचे राहत असतील आणि अजून ठणठणीत असतील, तर लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी करून घ्या, म्हणजे क्षमता गेल्यावर आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचे ते नेमणारं अधिकारपत्र. ती दोन प्रकारची असते, एक पैशांची आणि एक आरोग्याची. लोक पैशांची करतात आणि आरोग्याची विसरतात. ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियनकडे नोंदवल्याशिवाय ती चालत नाही, आणि क्षमता गेल्यावर ती करताच येत नाही. मग कोर्ट ऑफ प्रोटेक्शन (क्षमता गेलेल्यांचे निर्णय बघणारं न्यायालय), अर्ज, वकील आणि महिने. भारतात केलेलं कुलमुखत्यारपत्र इथल्या वॉर्डात दाखवून काही होत नाही, हेही सांगून ठेवते, कारण ते प्लास्टिकच्या फोल्डरात घालून आणलेलं मी दोनदा पाहिलंय.

कोर्टात

कॉरोनरच्या कोर्टात विग नाही, झगा नाही. कॉरोनरला ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणायचं. रुग्णालयाच्या प्रकरणांत ज्यूरी क्वचित असते. शपथ गीतेवर घेता येते, नुसत्या प्रतिज्ञेवरही. आधी एखादी पूर्वतयारीची सुनावणी होऊ शकते. त्यात साक्षीदार कोण आणि बाहेरचा तज्ज्ञ लागेल का हे ठरतं. तिला जाच. ज्या डॉक्टरला प्रश्न विचारायचाय त्याचं नाव यादीत नसेल तर ते घालून घ्यायची जागा तीच. गेलेल्या माणसाचा फोटो ठेवून त्याच्याबद्दल चार ओळी वाचायची परवानगी बहुतेक कॉरोनर देतात. जरूर वाचा. दिवसभर कोर्टात तो माणूस ‘रुग्ण’ असतो. ती पाच मिनिटं तो तुमचा असतो.

रुग्णालयाचा वकील असतो, तुमचा असेलच असं नाही. सरकारी कायदेशीर मदत इन्क्वेस्टला अपवादानेच मिळते. वकील न करताही बोलता येतं, पुष्कळ कुटुंबं बोलतात. ॲक्शन अगेन्स्ट मेडिकल ॲक्सिडेंट्स ही संस्था अशा प्रकरणांत सल्ला देते, आणि बऱ्याच कोर्टांत कॉरोनर्स कोर्ट्स सपोर्ट सर्व्हिसचे स्वयंसेवक असतात. ते पाणी देतात, स्वच्छतागृह दाखवतात, शेजारी बसतात. त्यांना कमी लेखू नका.

आता मुख्य गोष्ट. इन्क्वेस्टला चारच प्रश्न असतात: कोण गेलं, कधी, कुठे, कसं. राज्यसंस्थेने जीव वाचवायच्या कर्तव्यात कसूर केल्याचा मुद्दा असेल तर ‘कोणत्या परिस्थितीत’ हे जोडलं जातं. दोष कोणाचा हा प्रश्न त्यात नाही. निकालात कोणा व्यक्तीचं नाव घेऊन गुन्हा किंवा कोणाचंही दिवाणी दायित्व ठरवायला कायद्यानेच मनाई आहे. शिवाय इन्क्वेस्टच्या नियमांतला सत्ताविसावा नियम असा की वस्तुस्थितीबद्दल कॉरोनरपुढे भाषण करता येत नाही, ना तुम्हाला, ना मला. मनात साठलेलं सगळं शेवटी सांगू, असं ठरवून आलेली माणसं त्या नियमापाशी आपटतात.

म्हणजे तुमच्या हातात फक्त प्रश्न. आधी कॉरोनर विचारतो, मग तुम्ही, मग बाकीचे, आणि साक्षीदाराचा स्वतःचा वकील शेवटी.

सांगलीच्या बाईंच्या मुलाने वहीत लिहून आणलेला पहिला प्रश्न होता: “तुम्ही माझ्या आईकडे दुर्लक्ष का केलंत?” याला काय उत्तर येणार? “आम्ही दुर्लक्ष केलं नाही.” झालं, प्रश्न संपला. आम्ही आदल्या रात्री त्याचे तुकडे केले. इथल्या रुग्णालयांत ‘न्यूज’ नावाचा गुणांक असतो: श्वासाची गती, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान यांवरून नर्स आकडा काढते. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१२ मध्ये आणला आणि २०१७ मध्ये सुधारला. ५ झाला की डॉक्टरने तातडीने बघायचं, निदान तासातासाने मोजमाप घ्यायचं. ७ म्हणजे आणीबाणी. तक्त्यात बाईंचा आकडा रात्री १०.२० ला ५ होता आणि पुढची नोंद थेट १.५० ची, तेव्हा ७. मग प्रश्न असे झाले:

“१०.२० ला आकडा किती होता?”

“तुमच्या रुग्णालयाच्या धोरणात ५ झाल्यावर किती वेळाने पुन्हा मोजायचं असतं?”

“त्यानंतरची नोंद कितीची आहे?”

“मधल्या साडेतीन तासांत वॉर्डावर किती नर्स होत्या?”

“१.५० ला ७ झाल्यावर डॉक्टरला कोणी, किती वाजता कळवलं?”

एकाही प्रश्नात विशेषण नव्हतं. नर्स तरुण होती, केरळची. चौथ्या प्रश्नाला ती थांबली आणि म्हणाली, “दोन. अठ्ठावीस पेशंटना.” त्या उत्तरानंतर मुलाचा तिच्यावरचा राग कुठे गेला ते त्याला स्वतःलाच कळलं नाही, मधल्या सुट्टीत त्याने तिला पाण्याचा ग्लास नेऊन दिला. रुग्णालयाच्या व्यवस्थापकाची साक्ष मात्र दुपारी बरीच लांबली.

जे उत्तर तुम्हाला कागदावरून आधीच माहीत आहे तिथून सुरुवात करा. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. उत्तर मिळालं की गप्प बसा. हे शेवटचं मला जमायला आठेक वर्षं लागली.

निकालाचा कागद कसा वाचायचा

एका पानाचा असतो आणि त्यातल्या दोन-तीन चौकटींत तुमचं वर्ष मावलेलं असतं. मृत्यूचं वैद्यकीय कारण पायऱ्यांनी लिहितात: १ए थेट कारण, १बी त्याच्या मागचं, १सी त्याच्याही मागचं, आणि २ मध्ये हातभार लावणाऱ्या बाकीच्या गोष्टी. बाईंचं असं होतं: १ए सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी होणं), १बी आतड्याला पडलेलं भोक. तिसऱ्या चौकटीत कसं, कधी, कुठे. चौथीत निष्कर्ष: नैसर्गिक कारण, अपघात अशासारखे ठरलेले शब्द, नाहीतर दोन-चार परिच्छेदांचं वर्णन. रुग्णालयाच्या प्रकरणांत मी बहुधा वर्णन मागते. ‘नैसर्गिक कारण’ या दोन शब्दांत साडेतीन तास कसे मावणार?

‘हयगय’ हा शब्द निष्कर्षाला जोडता येतो, पण त्याची पायरी उंच आहे: परावलंबी माणसाला मूलभूत वैद्यकीय मदत द्यायलाच ढळढळीत चुकलं पाहिजे. चुकीचा निर्णय घेणं त्यात सहसा बसत नाही, काहीच न करणं बसू शकतं. तो शब्द मिळाला नाही म्हणून घरी जाऊन रडू नका. त्याहून कामाची गोष्ट वेगळीच आहे. पुन्हा असा मृत्यू होण्याचा धोका दिसला तर कॉरोनरने संबंधित संस्थेला तसा अहवाल पाठवायचा असतो, आणि तिला ५६ दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. तो अहवाल जाहीर होतो. बाईंच्या प्रकरणात तो गेला, रात्रपाळीच्या नर्सांच्या संख्येबद्दल.

भरपाईचा दावा हे वेगळं प्रकरण, वेगळं कोर्ट. मुदत साधारणपणे मृत्यूपासून किंवा निष्काळजीपणा झाला असावा हे कळल्यापासून तीन वर्षं. इन्क्वेस्ट चालू आहे म्हणून हे घड्याळ थांबत नाही, हे अधोरेखित करून ठेवा. कसोटी १९५७ च्या बोलम खटल्यातली: त्या क्षेत्रातल्या जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाने तसंच केलं असतं का? भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात हीच स्वीकारली, त्यामुळे तुमच्या सांगलीच्या वकिलालाही ती ठाऊक असेल. शिवाय नीट उपचार झाले असते तर माणूस वाचला असता, हेही तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. ‘जिंकलो तरच फी’ या बोलीवर इथले सॉलिसिटर दावे घेतात. पण आकड्यांची कल्पना असू द्या. दुःखाबद्दल मिळणारी ठरीव रक्कम १५,१२० पौंड, आणि तीही नवरा-बायको, किमान दोन वर्षं एकत्र राहिलेला जोडीदार किंवा अल्पवयीन मुलाचे आई-वडील यांनाच. आई गेली म्हणून कमावत्या मुलाला त्यातलं काही मिळत नाही. हे ऐकून तो मुलगा हसला आणि म्हणाला, “ताई, मला पैसे नकोच होते.” मग दावा झाला नाही. काही घरांत होतो, व्हायलाही हवा: मागे लहान मुलं असतील, कर्ता माणूस गेला असेल तर लाजू नका.

इन्क्वेस्ट संपल्यावर कॉरोनर स्वतःच निबंधकाकडे कागद पाठवतो. नोंद करायला तुम्हाला जावं लागत नाही. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती मात्र तुम्हालाच मागवायच्या असतात. निदान पाच घ्या. त्यातल्या दोन इथल्या परराष्ट्र खात्याच्या लीगलायझेशन ऑफिसकडे पाठवून अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का) करून घ्या, कारण गावाकडची बँक, सातबाऱ्यावरची वारसनोंद आणि फ्लॅटची सोसायटी तिघंही तेच मागतील. फोटोकॉपी चालत नाही. आणि दाखल्यावरचं नाव आधार कार्डावरच्या नावाशी अक्षरान् अक्षर जुळतंय ना, ते इन्क्वेस्टच्या दिवशीच, कॉरोनरने पहिली चौकट भरताना, उभं राहून सांगा. बाईंचं नाव इथल्या कागदांवर वडिलांच्या नावासकट लागलं होतं आणि सांगलीत नवऱ्याच्या. मुलगा त्या एका ओळीसाठी तलाठ्याकडे चार वेळा जाऊन आला.